टाक्यात उतरायची हाफपँट

आमच्या घरात आधी धूळ यायची आणि मागून बा यायचा. कामणच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं घर. घराच्या वरच्या अंगाला दगडखाण. दुपारी सुरुंग उडाला की पत्र्यावर बारीक खडी तडतडायची. आई तेवढ्यापुरतं हंड्यावर ताट झाकायची आणि पुन्हा भाकरी थापायला बसायची. बा खाणीत ड्रिल धरायचा. अंगात बनियन, खाली खाकी हाफपँट, तोंडाला ओला फडका. संध्याकाळी आला की ओट्याखाली उभा राहून ती हाफपँट अंगावरच झटकायचा. झटकण्याआधी वारा कुठला आहे ते बघायचा, कारण आत मी अभ्यासाला बसलेली असायची. माझ्या वह्यांवर धूळ जाऊ नये म्हणून जपणाऱ्या माणसाच्या छातीत ती कायम भरत होती, हे आम्हाला कुणालाच कळलं नाही.

आई गोदामात पॅकिंगला जायची. एप्रिल लागला की विहीर तळाला जायची, मग टँकरची वाट बघायची, आणि टँकर आला की भांडायचं. एवढ्या सगळ्यात एक गोष्ट आईने कधी सोडली नाही. माझे कपडे चुरगळलेले नसायचे. घरात इस्त्री नव्हती. पितळी तांब्यात चुलीतले निखारे घालायची, काठ फडक्याने धरायची आणि गोधडीवर माझा युनिफॉर्म दाबायची. कॉलेजला गेले तेव्हाही तेच. वसईच्या कॉलेजात बंगल्यातून येणाऱ्या मुली होत्या. त्यांच्या कुर्त्यापेक्षा माझ्या कुर्त्याची घडी कडक असायची. मी बीकॉम झाले. आमच्या घरात, आणि चुलत्यांची घरं धरली तरी, पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी. हे मी कुठेही सांगते आणि सांगताना खाली बघत नाही. माझी कॉलेजची बॅग आईने भिंतीवरच्या खुंटीला टांगून ठेवली होती. तिला कुणी हात लावायचा नाही.

मला वसई पूर्वेला एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाचं काम मिळालं आणि त्याच सुमाराला बा खोकायला लागला. आधी टीबी म्हणून औषधं झाली. मग मोठ्या हॉस्पिटलात छातीचा फोटो काढला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ही दगडाची धूळ आहे, ती निघत नाही. बाने ते नीट ऐकलं आणि घरी येऊन खाकी हाफपँट धुऊन, घडी करून पेटीत ठेवली. त्यानंतर लेंगा आणि खाट. पुढे ऑक्सिजनचं मशीन आलं. वीज गेली की ते बंद व्हायचं, आणि मग वीज येईपर्यंत आम्ही दोघी त्याच्या दोन्ही बाजूंना बसून पुठ्ठ्याने वारा घालायचो. पुठ्ठा आईच्या गोदामातला.

आता डोंगरावरच्या टाक्याचं सांगायला हवं. वर सपाटीवर कातळात खोदलेलं जुनं टाकं आहे. कुणी खोदलं ते कुणाला माहीत नाही. त्याच्या एका कोपऱ्यात खडकाच्या फटीतून झरा येतो. दर पावसाळ्यात वरची माती आत येते आणि ती फट बुजते. म्हणून दर उन्हाळ्यात, पाणी अगदी खाली गेलं की, पाड्यातल्या जुन्या घरांतलं एकेक माणूस वर जातं, टाक्यात उतरून गाळ काढतं, फट मोकळी करतं. झरा पुन्हा लागला की पहिलं पाणी निवळू द्यायचं आणि ज्या घरचं माणूस उतरलं त्या घराला एकेक कळशी द्यायची. ते पाणी देवाला दाखवतात, घरातल्या सगळ्यांना एकेक घोट देतात. आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर ते त्याच्यासाठी राखून ठेवतात. आमच्याकडे कुणी जाणार असं दिसलं की म्हातारी माणसं अजून विचारतात, वरचं पानी पाजलं का.

बा कळत्या वयापासून टाक्यात उतरत आला होता. तो आजारी पडला तेव्हा दोन उन्हाळे आमच्या घरचं कुणी गेलं नाही. भाऊ मला नाही. तिसऱ्या उन्हाळ्यालाही घर रिकामं राहिलं तर पाळी जाते, असा गावकीचा रिवाज. आमची पाळी बाच्या चुलतभावाकडे, म्हणजे माझ्या काकाकडे जाणार होती. काका वाईट माणूस नव्हता. आदल्या वर्षी त्याने आपल्या कळशीतलं तांब्याभर पाणी आमच्याकडे आणलं होतं. बाने तांब्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. काका गेल्यावर आई त्याला बोलली, की कसला हट्ट हा, पाणी ते पाणी. बाला एक वाक्य बोलायला तेव्हा बराच वेळ लागायचा.

"मागून आनलेलं नको. माझ्या घरचं मानूस उतरल, तवा पीन."

तिसरा उन्हाळा आला तोवर त्याच्या पायांवर सूज आली होती. पुढचा उन्हाळा तो बघणार नाही हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आईला मी सांगितलं आणि बाला सांगायची गरज पडली नाही.

मी गावकीच्या आबांकडे गेले. आबा म्हणजे पाड्यातलं सगळ्यात वडीलधारं माणूस. टाक्याची तारीख तेच ठरवायचे. मी म्हटलं, आबा, आमच्या घरातून मी उतरते. ते सुपारी कातरत होते, कातरतच राहिले. मला वाटलं आता विटाळ, देव, बाईमाणूस असलं काही निघणार, आणि मी मनात भांडायची तयारी केली होती. पण आबा दुसरंच बोलले. त्यांच्या लहानपणी एका घरची बाई उतरली होती. गाळ मांडीपर्यंत. लुगडं गाळात दाबलं गेलं, वर ओढायला गेले तर ती येईना आणि लुगडं येईना. शेवटी कोयत्याने लुगडं कापलं, तोवर ती तोंडावर पडून गाळ प्यायली होती. वाचली, पण पुढे फार जगली नाही. तेव्हापासून बाई उतरत नाही.

"देव काय बोलत नाय गो. कापड धरतं. तू काय घालून उतरशील त्ये सांग, मंग बोलू."

मी सांगितलं, ठरवून येते.

बीकॉमला हे शिकवत नाहीत. घरी मी एकेका कपड्याचा विचार केला. सलवार गाळात फुग्यासारखी भरेल. जीन्स ओली झाली की पाय उचलत नाही. ट्रॅकपँट खाली ओढली जाईल. गुडघ्याखाली कापड नकोच, हे नक्की. म्हणजे हाफपँट. आमच्या पाड्यात पोरी लग्नानंतर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत, आणि मी तर लग्नाची राहिलेली. टँकरच्या रांगेत एक बाई दुसरीला, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "शिकून शिकून चड्डीवर आली." मी म्हटलं, मावशी, नंबर तुमचा आहे, हंडा लावा.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी एक मुलगी वसईतल्या एव्हरशाईन सिटीत, बिल्डिंगीत राहायची आणि सुट्टीच्या दिवशी किल्ले चढायला जायची. तिला विचारलं. तिने मला जेवणाच्या सुट्टीत सगळं समजावलं, आणि का म्हणून विचारलं नाही, त्याबद्दल मी तिची कायमची आभारी आहे. सुती नको, पाणी धरते आणि मांड्या सोलते. नायलॉनची घे, पटकन वाळणारी. आसनाला, दोन्ही पायांच्या मधे, वेगळा तुकडा लावलेला बघ, नाहीतर पाय फाकवून चढताना शिवण उसवते. कमरेला इलॅस्टिक असलं तरी आतून नाडी पाहिजेच. आणि दुकानात नुसती आरशात बघू नकोस, गुडघा छातीपर्यंत उचलून बघ.

तरी पहिली मी चुकीचीच घेतली. विरारला रस्त्यावर मिळाली, निळी, मऊ, सुती, हाताला बरी वाटली. आमच्याकडे कपडा हाताला बरा लागला की चांगला. घरामागच्या तळ्यात तेव्हा घोट्याएवढा चिखल होता. भर दुपारी, पाडा झोपलेला असताना, मी त्यात जाऊन बसले, उठले, पुन्हा बसले. बाहेर आले तेव्हा हाफपँट ओल्या गोधडीसारखी जड झाली होती आणि मांड्यांच्या आत लाल चट्टे उठले होते. पुढचे काही दिवस ऑफिसात खुर्चीवर बसणं मुश्कील झालं.

दुसऱ्या वेळी मी विरारच्या मोठ्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने मला आधी गुलाबी दाखवली, मग फुलांची. म्हणाला, "मॅडम, बीचवर एकदम मस्त." मी म्हटलं, बीच नाही, चिखल. तो हसला. मग मी बदलायच्या खोलीत न जाता माझ्या सलवारीवरूनच एक चढवली आणि तिथेच उकिडवी बसले, उठले, गुडघा छातीला लावला. तो हसायचा थांबला आणि आतून पुरुषांची घेऊन आला. राखाडी, जाड नायलॉन, आसनाला चौकोनी तुकडा, दुहेरी शिवण, आतून नाडी, गुडघ्याच्या वर चार बोटं. दोन्ही बाजूंना मोठे खिसे होते, त्यांत गाळ भरला असता. मी ते तिथेच त्याच्याकडून सुईदोऱ्याने बंद करून घेतले. तो म्हणाला, लोक खिशांसाठी तर घेतात मॅडम.

घरी आल्यावर करवंदीच्या जाळीतून मी ती घालून फिरले. काटे अंगाला लागले, कापडाला खोच पडली नाही. तळ्यात बसले, उन्हात उभी राहिले. आईची भाकरी शेकून व्हायच्या आत कापड वाळलं. मी ती घेऊन आबांकडे गेले. त्यांनी ती हातात धरली, ताणली, आसनात मूठ घालून ओढली आणि परत दिली.

"गाळ धरनार नाय," ते म्हणाले. "ये मंग."

बाला मी खाटेजवळ बसून दाखवली. त्याने बोटांनी शिवण चाचपली आणि डोळे मिटले. त्या रात्री तो जरा शांत झोपला असं आई म्हणाली.

आदल्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले. घरात शिरले तर जळक्या प्लास्टिकचा वास. आई गोधडीवर बसली होती, पुढ्यात पितळी तांब्या, आणि हातात माझी हाफपँट. मागच्या बाजूला तांब्याच्या बुडाएवढं गोल भोक. कडा काळ्या, कडक, गोळा झालेल्या. सगळ्या पाड्यासमोर पोरगी जाणार, पायउघडी जाणार, तर निदान चुरगळलेली जाऊ नये, असं तिला वाटलं होतं. बीकॉमच्या शेवटच्या पेपरला केली होती तशी तिने निखारे फुलवून इस्त्री केली होती.

मी हाफपँट तिच्या हातातून घेतली आणि भोक उजेडात धरून बघितलं. बोलले असते तर फार वाईट बोलले असते. विरारला जाऊन यायला वेळ नव्हता, टाक्याची निघायची वेळ पहाटेची. बाने खाटेवरून पेटीकडे बोट दाखवलं. आईने त्याची खाकी काढली. मी ती घालून बघितली. कंबर दोरीने आवळता आली असती, पण ती सुती होती, जाड होती, आसन गुडघ्याशी येत होतं. मी ती काढून बाच्या पायाशी ठेवली. म्हटलं, बा, ही पाणी धरेल. त्याने मान हलवली. त्यालाही ते माहीत होतं. त्या कापडात त्याने इतकी वर्षं मांड्या सोलून घेतल्या होत्या, एवढंच.

आई उठली. भिंतीवरची खुंटी तिला हाताला लागत नव्हती, म्हणून ती पाटावर चढली. माझी कॉलेजची बॅग तिने खाली घेतली, उलटी करून झटकली आणि विळीवर धरली. मी म्हटलं, आई, ती नको. ती म्हणाली, "ह्ये पन तसलंच कापड हाय ना?" तसलंच होतं. तिने पाठीचा भाग कापला, भोकाच्या काळ्या कडा ब्लेडने कातरून टाकल्या, आणि उंबऱ्यात उजेडाला बसून आतून एक, बाहेरून एक असे दोन तुकडे लावले. गोदामातला पोती शिवायचा दोरा होता तिच्याकडे, त्याने शिवलं. इतक्या बारीक टाक्यांनी शिवलं की अंधार पडायला लागला तरी ती उंबऱ्यातून हलली नाही. रडत नव्हती. मध्येच एकदा म्हणाली, "निखारे जास्तच झाले."

वरची वाट चढायला उन्हं यायच्या आधी सुरुवात केली. मी वरून ओढणी गुंडाळली होती. सगळे पुरुष पुढे, मी मागे. काकाने पुढून दोनदा वळून बघितलं. सपाटीवर पोचल्यावर मी ओढणी काढून झुडपावर टाकली. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "मागं काय कंपनीचं नाव छापलंय का?" बॅगेवर कॉलेजचं नाव होतं, त्यातली दोन अक्षरं ठिगळावर आली होती. मी म्हटलं, डिग्री आहे, वाचून घ्या. आबांनी हसू दाबलेलं मला दिसलं.

टाक्याबद्दल मी लहानपणापासून ऐकलं होतं, आत काय असतं ते कुणी सांगितलं नव्हतं. वास असा होता की पहिल्या श्वासानंतर मी तोंडानेच श्वास घेतला. गाळात पाय टाकला की तो खालून धरतो, घोटा, पोटरी, मांडी, आणि मग सोडत नाही. हात घालून वर काढावं ते पानं, खेकड्यांची कवचं, कुजलेला पक्षी, आणि हल्ली रविवारी येणाऱ्या लोकांच्या बाटल्या, वेफरच्या पिशव्या, एक चप्पल. घमेली भरून वरती द्यायची. वरती घेणारे कोरडे, खाली देणारे आम्ही. दुपार चढली तेव्हा मी घमेलं छातीला लावून वर देत होते. एकदा दोन्ही पाय रुतले आणि मी पुढे झुकले. त्या क्षणी मला आबांनी सांगितलेली ती बाई आठवली. काकाने माझा दंड पकडला. म्हणाला, "बस खाली, मंग पाय काढ. तुझा बा असाच काढायचा." मी गाळातच बसले, मांड्यांवर जोर दिला, एक पाय सोडवला, मग दुसरा. कापड कुठेही अडकलं नाही. आईचं ठिगळ खडकावर घासलं तो आवाज मला ऐकू आला, पण टाका सुटला नाही.

झऱ्याची फट बाच्या नेहमीच्या कोपऱ्यात होती. तिथलं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं, एकाच माणसाला जागा आहे. मी बोटांनी, मग सळईने, मग पुन्हा बोटांनी माती काढली. नखं गेली. बराच वेळ नुसता ओला काळोख हाताला लागत होता. मग मनगटावर थंड काहीतरी आलं, बारीक, दोऱ्याएवढं. मी भिजलेलं मनगट वर धरलं. आबा नुसते म्हणाले, "लागलं."

पाणी निवळेपर्यंत सगळे सावलीत बसून राहिलो. आबांनी घरांची नावं घेतली, एकेकाने कळशी पुढे केली. आमच्या घराचं नाव त्यांनी बाच्याच नावाने घेतलं. मी कळशी पुढे केली.

उतरताना काका माझ्याबरोबर होता. कळशी धरू का, असं त्याने एकदा विचारलं. मी नको म्हटलं, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही.

घरी आईने आधी माझ्याकडे बघितलं, मग मला वळवून ठिगळाकडे बघितलं. बाला दोघींनी मिळून बसवलं. मशीनची नळी बाजूला करून मी त्याच्या तोंडाला फुलपात्र लावलं. त्याने एक घोट घेतला, थांबला, श्वास गोळा केला, दुसरा घेतला. थोडं हनुवटीवरून बनियनवर सांडलं, ते आई पुसायला गेली तर त्याने तिचा हात धरून थांबवला. मग त्याने माझ्या हातांकडे, नखांकडे बघितलं.

"गार लागलं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, लागलं.

पाऊस यायच्या आत बा गेला. वरचं पानी पाजलं का, असं म्हाताऱ्यांनी विचारलं, तेव्हा आईने मान ताठ ठेवून हो म्हटलं. पाळी आमच्याकडेच राहिली. पुढचे उन्हाळे मीच उतरले, त्याच हाफपँटमध्ये. तिच्या कमरेची नाडी बदलली, ठिगळ अजून तेच आहे. आमच्या घरातून पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी, आणि आमच्या पाड्यातून टाक्यात उतरून झरा मोकळा करून परत आलेली पहिली बाईही मीच.